लिहून घेतलंत ना?

थेल्मा क्विग्लीच्या निवृत्तीचा दिवस उजाडला आणि तिचं क्रियापद अजून एका अर्थापाशी अडलेलंच होतं. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या त्या इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत प्रत्येकाच्या वाट्याला एकेक शब्द यायचा. थेल्माच्या वाट्याला आलं होतं 'रन'. मूर्ती लहान, पण व्याप केवढा. त्या भाषेत माणूस रन करतो, नळ रन होतो, दुकान रन करतात, निवडणुकीला रन करतात आणि बाईचा पायमोजा उसवला तरी रनच. बाकीची क्रियापदं काय माशा मारत होती कोण जाणे.

अडलेला अर्थ होता ओलाव्यानं रंग पसरण्याचा. साऱ्या गावाला तो ठाऊक, पण कचेरीचा नियम कडक. वाक्य जिवंत माणसाच्या तोंडून आपसूक आलेलं हवं, त्याच्या तोंडात शब्द घालायचा नाही. त्यापायी थेल्मानं शेजारणीला मुद्दाम स्वस्तातले लाल मोजे भेट दिले होते. शेजारणीच्या सगळ्या चादरी गुलाबी झाल्या आणि तेव्हापासून तिनं बोलणंच टाकलं. आता बोलणंच टाकलं तर वाक्य कुठून मिळायचं?

"आज पाच वाजता चिठ्ठ्यांचा गठ्ठा छापखान्यात जाणार," मुख्य संपादक हॅल्डेन म्हणाले. "तोवर वाक्य मिळालं नाही तर तो अर्थ गाळायचा."

"साहेब, त्या अर्थावाचून हे क्रियापद म्हणजे बिनशेपटीचं कांगारू हो." थेल्मा म्हणाली.

तेवढ्यात खालच्या बेकरीतली डोरीन वर आली. "अहो, तुमच्या मोरीतला नळ कधीचा रन होतोय. माझ्या छतातून ठिबकतंय."

दोघांनी झटकन कोऱ्या चिठ्ठ्या ओढल्या. वाक्य, बोलणारीचं नाव, गाव, तारीख.

"लिहून घेतलंत ना?" डोरीननं विचारलं.

"अक्षर न् अक्षर," हॅल्डेन आदरानं म्हणाले.

डोरीन खूश होऊन खाली गेली. तक्रार इतक्या मन लावून लिहून घेणारी कचेरी तिनं जन्मात पाहिली नव्हती. वर मात्र दोघांची जुंपली. बारीक धारेचा नळ आणि धो धो नळ हे एकाच अर्थात बसवायचे की दोन करायचे? कुणी मागे हटेना.

थोड्या वेळानं डोरीन पुन्हा हजर, एप्रन निथळत. "आता पाणी जिन्यावरून रन होत खाली आलंय."

"जिन्यावरून उतरतंच ना?" थेल्मानं पेन्सिल ओली करत विचारलं. "चढत नाही ना?"

"पाणी चढतं का गं, बाई?"

तेही त्यांनी लिहून घेतलं.

पाच वाजत आले. थेल्मानं गठ्ठ्याला दोरा गुंडाळायला घेतला. आयुष्यभर शब्द जमवले आणि शेवटचाच अपुरा ठेवून निघायचं, याचं तिला फार वाईट वाटत होतं.

धाडकन दार उघडलं. डोरीनच्या हातात परातीएवढा केक होता. "हे बघा. तुझाच गं थेल्मा, निरोपाचा. साहेबांनीच सांगितला होता. वरून पाणी पडलं आणि सगळा रंग रन झाला. आता एक अक्षर वाचता येईल तर शपथ."

थेल्मा धावत जाऊन तिच्या गळ्यात पडली. केक दोघींच्या मध्ये. हॅल्डेन भराभर लिहून घेत होते.

"वेडबिड लागलंय का तुम्हाला?" डोरीन म्हणाली. "आणि तो नळ?"

"कोणता नळ?" दोघंही एकदमच म्हणाले.

डोरीन पाण्यातून पचक पचक चालत गेली आणि स्वतःच तो बंद करून आली. क्रियापद आपल्या शेपटीसकट छापखान्याकडे निघालं. उरलेला केक तिघांनी चमच्यानं खरवडून खाल्ला. थेल्मा खातही होती आणि रडतही होती.

"पुरे आता," डोरीन मायेनं म्हणाली. "नाक पूस आधी. रन होतंय."

हॅल्डेनचा हात खिशातल्या पेन्सिलीकडे गेला.

"राहू द्या साहेब, तो अर्थ आहे आपल्याकडे," थेल्मा म्हणाली आणि टेबलावरच्या कोऱ्या चिठ्ठीनं तिनं नाक पुसलं.