काचघरातली खुर्ची

आमच्या गल्लीतले गंगाधरकाका खुर्ची बघायला गेले की आधी चप्पल काढतात, खुर्चीत टेकतात, डावा पाय काठीसारखा पुढं ताणतात आणि डोळे मिटून घेतात. दुकानदारानं मागवलेला चहा निवून जातो, तरी हलत नाहीत. उठल्यावर ठरलेलं वाक्य, "बसणं सोपं हाय, उठणं बघा."

नांदेडच्या उन्हात माणसं सावली शोधतात. काकांनी घराला काचेची खोली जोडली. उन्हाळ्यात तिच्यात पापड वाळत नाहीत, भाजतात. बरं, काच कुठल्या अंगाला? धाकट्या भावाच्या, दिगंबररावांच्या दारासमोर. बोअरच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं तुटून वर्षं झाली होती. त्यांच्या दाराला लागूनच आमचं दार. भावाला श्रीमंती दाखवायची खाज, दुसरं काय, असं गल्लीनं ठरवून टाकलं.

खोली सजवताना काकांनी सगळ्यांना वीट आणला. लोखंडी खुर्ची उन्हात तवा होते, वेताची टोचते. काकूंनी पडद्याचं कापड पसंत केलं, तर म्हणाले, पडदाच लावायचा तर भिंत काय वाईट होती? वजिराबादेतली दुकानं संपली तेव्हा मला लातूरला ओढून नेलं. तिथंही डावा पाय ताणून समाधी. वास्तविक काकांचे दोन्ही गुडघे ठणठणीत, रोज गोदावरीपर्यंत चालत जाणारा माणूस. शेवटी सुताराकडून सागवानी, उंच बैठकीची, रुंद हातांची खुर्ची करून घेतली आणि स्वतःही तिच्यात बसले नाहीत. "दसऱ्यापर्यंत कुणी बसायचं न्हाई," एवढंच सांगितलं.

दसऱ्याला धाकट्यानं थोरल्याकडं सोनं घेऊन जायचं असतं. भांडण कितीही जुनं असो, आपट्याचं पान हातात पडलं की मिटलं. थोरल्यानं बोलवायचं नसतं, वाट बघायची असते.

त्या संध्याकाळी काका पांढरा सदरा घालून काचेमागं उभे राहिले. दिगंबरराव आपटा घेऊन निघाले, काचघरासमोरून मान न वळवता सगळी गल्ली फिरले आणि शेवटी आमच्याकडं आले. आमच्या बुटक्या सोफ्यावर बसले, डावा पाय काठीसारखा पुढं. मोटारसायकलवरून पडल्यापासून तो गुडघा वाकत नव्हता. मला लातूरचं दुकान आठवलं.

समोर तुमच्यासाठी खुर्ची करून ठेवलीय, मी म्हणालो.

"दुकान मांडून बसलाय त्यो. मी काय गिऱ्हाईक हाय का?"

असा संताप आला, पण सणाचा दिवस. हात धरून मी त्यांना उठवलं, तेही दोनदा जोर लावून.

दिवेलागण झाल्यावर मी काकांना सोनं द्यायला गेलो. ते खुर्चीपुढं फरशीवर बसून तिची उंची वितीनं मोजत होते.

"आजून चार बोटं उंच पायजे होती," माझ्याकडं न बघता म्हणाले. "तुमच्याकडून उठताना लई तरास झाला त्याला. मी हितून बघून राहिलो होतो."