झोपाळ्यावरचे ताक

उमापूरच्या बाजूस एका जहागिरीच्या कचेरीत उत्तरेश्वर नावाचा कारकून होता. त्याला स्वस्थ बसवत नसे. जे इतर लोक निमूटपणे करीत आले, ते तसेच का करायचे, हा प्रश्न त्याला रोज नव्याने छळत असे.

एके सकाळी पत्नी चंद्रभागाबाई ताक घुसळीत असता तो म्हणाला, “रवी हातानंच का म्हून ओढायची? ओसरीवरचा झोपाळा फुकट हालतोय.”

“झोपाळा न्हाई, तुमी हालताय! डेऱ्याला हात लावू नका. दिवाणसाहेब फराळाला येणार हायेत.”

दिवाण सुंदरराव येणार, ही साधी गोष्ट नव्हती. कचेरीतली पेशकारीची, म्हणजे मुख्य कारकुनाची, जागा रिकामी होती, आणि ती उत्तरेश्वरास द्यावी की जोडीचा झोपाळू कारकून त्रिंबक यास, हे त्यांनीच ठरवायचे होते. पण सुधारणा सुचलेल्या माणसाला धीर कुठला! चंद्रभागाबाई आडावर जाताच त्याने डेरा ओसरीवर नेऊन झोपाळ्याशेजारच्या खांबाला बांधला. रवीच्या दोरीचे एक टोक झोपाळ्याच्या पुढच्या कडीला, दुसरे मागच्या कडीला. झोपाळा हलला की रवी फिरे. (फिरे, हे मान्य केलेच पाहिजे.)

तेवढ्यात सुंदरराव आले. “हे काय काढलंत, उत्तरेश्वरराव?”

“बसा तर खरं, साहेब! तुमी नुसतं बसायचं, ताक आपसूक व्हतंय.”

साहेब बसले. देह चांगला तीन मणांचा. रवी घुमू लागली आणि त्यांची मुद्रा प्रसन्न झाली.

चंद्रभागाबाई मागील दाराने परतल्या, त्यांनी फटीतून पाहिले, तो खांबाची गाठ सुटत आलेली. परपुरुषासमोर बोलणे शिष्टाचारात बसत नव्हते. त्यांनी बांगड्या वाजविल्या.

“वहिनी काय म्हणतात?” साहेबांनी विचारले.

“लोणी यायलंय, म्हणतीय,” असे सांगून उत्तरेश्वराने झोपाळ्यास एक झोका दिला.

बांगड्या अधिक जोराने वाजल्या.

“लई खूश हाय, साहेब!” दुसरा झोका.

आता आतून पळीने थाळी बडविण्याचा आवाज येऊ लागला. उत्तरेश्वराचा ऊर भरून आला आणि त्याने तिसरा झोका दिला. गाठ सुटली, डेरा झोपाळ्यामागून फरफटत उडाला आणि दोन दिवसांच्या विरजणासह साहेबांच्या मांडीवर रिता झाला.

सुंदरराव मिशीवरचे लोणी निपटीत उभे राहिले. पायऱ्यांकडे वळले. ताकाबरोबर आपली पेशकारीही पायऱ्या उतरून चालली, हे उत्तरेश्वराला स्पष्ट दिसले. ती अडविण्यासाठी त्याने राखून ठेवलेली सूचना घाईघाईने पुढे केली.

“साहेब, कचेरीत दोन माणसं का म्हून लागतात? पेशकार नेमला, की त्यो एकटाच पुरे!”

सुंदरराव थबकले. “ह्यात मात्र तथ्य आहे. एक कारकून कमी केल्याचा हुकूम लिहा. नावाची जागा कोरी ठेवा, ते मी घालीन.”

आपण पेशकार झालो, हे उत्तरेश्वराने तिथेच जाणले. त्रिंबकाला दुसरीकडे कुठे तरी कारकुनी मिळेलच, असे मनाशी म्हणत त्याने बोरू नवा तासला आणि तो हुकूम आयुष्यात कधी लिहिले नव्हते अशा अक्षरात लिहिला.

चौथ्या दिवशी हुकूम सही-शिक्क्यासह घरी आला. पेशकारी त्रिंबकास. कमी केलेल्या कारकुनाचे नाव साहेबांनी स्वहस्ते घातले होते. उत्तरेश्वर तो कागद हाती धरून किती तरी वेळ ओसरीवर येरझारा घालीत राहिला.

चंद्रभागाबाईंना वाचता येत नव्हते. त्यांनी कागद घेऊन उजेडात धरला.

“अगंबाई, अक्षर किती वळणदार हाय हो! कुणाचं म्हणायचं?”

“माझंच,” उत्तरेश्वर म्हणाला.