शरदचंद्रांचं पत्र पोचलं

कचेरीच्या जावक विभागात एकतीस वर्षं काढलेल्या शरदचंद्रांच्या हातचं एकही पत्र कधी वाटेत हरवलं नव्हतं. आता मात्र स्वतःच्या मुलीला पाठवलेल्या पाच ईमेलना उत्तर नव्हतं.

सरकारी परीक्षेचा अर्ज न भरता मधुवंती पुण्याला नोकरीला निघाली, त्या दिवशी ते तिला सोडायला स्टेशनवर गेले नाहीत. घरात पेपर वाचत बसले, तोही उलटा, असं त्यांच्या पत्नी अलकनंदाबाई सांगत. त्याला दोन वर्षं झाली. दर रविवारी फोन यायचा, तो आईसाठी. तोंडाने माफी मागायची त्यांच्या घराण्यात पद्धत नव्हती, म्हणून २००५ च्या हिवाळ्यात ते देवेंद्रच्या इंटरनेट कॅफेत जाऊन ईमेल शिकले.

पत्र पाठवलं की ते डोळे मिटून मनात त्याचा प्रवास बघत बसत. पत्र वैनगंगेच्या पुलावरून निघे, राजेगावची हद्द ओलांडे, गोंदियाला जरा थांबे आणि मग रात्रभर धुक्यातून पुण्याकडे जाई. पहाटे ते मधुवंतीच्या खिडकीशी पोचेपर्यंत शरदचंद्र हलत नसत. देवेंद्रही त्यांना उठवत नसे.

शेवटी त्यानेच शंका म्हणून एक पत्र स्वतःच्या पत्त्यावर पाठवून पाहिलं.

"काका, तुमचं पत्र स्पॅममधी जाऊन राह्यलं. म्हणजे कचऱ्यात."

"काहून?"

"विषय काय लिवला तुमी? मोस्ट अर्जंट, रिमाइंडर चार. सगळी मोठी अक्षरं. मशीनले वाटते, हा माणूस काही विकून राह्यला."

पत्र कचऱ्यातून उचलून वाच, असं मुलीला सांगणं शक्य नव्हतं. माफी ही काय अशी वाचायची गोष्ट आहे? देवेंद्रने दुसरा उपाय सांगितला. दहाबारा नातेवाइकांना साधी पत्रं लिहायची, त्यांची उत्तरं येऊ द्यायची, म्हणजे मशीनमध्ये माणसाची पत तयार होते.

शरदचंद्रांनी अकरा पत्ते जमवले. राजेगावचे चुलतभाऊ भोजराज, लामत्याचे साडू मोतीलाल, नागपूरच्या थोरल्या बहीण रुख्माबाई. बहुतेकांचे पत्ते मुलांचे नाहीतर नातवंडांचे. महिनाभर त्यांनी सर्वांना हवापाणी विचारलं. उत्तरं आली. देवेंद्रने पुन्हा तपासलं आणि रस्ता मोकळा झाल्याचं सांगितलं.

मग त्यांनी खरं पत्र लिहिलं. विषयाची जागा कोरी, मायना नाही, कारण कचेरीचा कुठलाच मायना इथे बसेना. 'त्या दिवशी माझं चुकलं. मनात ठेवू नको. घरी ये.' एवढंच. पुढे पत्ते लिहिताना जुन्या सवयीने हात आपोआप चालला आणि सगळी बारा नावं एका ओळीत चढली, तीही ज्येष्ठतेनुसार. मधुवंती सर्वांत धाकटी, म्हणून शेवटी. शरदचंद्रांनी बटण दाबून डोळे मिटले.

पत्र सगळ्यांना पोचलं.

रविवारी सकाळी भोजराज लुगडं आणि पेढे घेऊन हजर झाले. तेरा वर्षांनी का होईना, शरदला पश्चात्ताप झाला, याचं त्यांना समाधान होतं. कशाचा, हे शरदचंद्रांना विचारवेना. मोतीलालांच्या मनात लग्नाच्या पंगतीतली एक गोष्ट होती. रुख्माबाईंनी तर दारातच भावाला पोटाशी धरलं आणि आईच्या पाटल्यांचं सारं विसरल्याचं सांगितलं. दुपारपर्यंत ओसरी भरली. आपण इतक्या जणांना दुखवलंय हे शरदचंद्रांना आयुष्यात पहिल्यांदाच कळत होतं, आणि सगळ्यांनी माफही केलं होतं. ते स्वप्नातल्यासारखे चहा देत फिरत राहिले. डोळे मात्र फोनकडे.

फोन वाजला. अलकनंदाबाईंनी ऐकून रिसीव्हर पुढे केला. "तुमाले मागते."

"बाबा," मधुवंती म्हणाली, "एक पत्र आलं. वर बारा नावं आहेत. कोणासाठी होतं ते?"

शरदचंद्रांना ओसरी दिसेनाशी झाली.

"तुझ्यासाठी," ते म्हणाले. "फक्त तुझ्यासाठी होतं, बेटा. बाकीची नावं चुकून गेली."

पलीकडे ती रडत होती की हसत होती, कळेना. शुक्रवारी येते, एवढं ऐकू आलं. त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि वळून पाहिलं.

भोजराजांनी पेढ्यांचा डबा उचलून पुन्हा पिशवीत ठेवला होता. मोतीलाल चप्पल शोधत होते. रुख्माबाई पदर सावरून उठल्या.

"आमचं वेगळं लिहिजो, शरद," त्या पायरी उतरताना म्हणाल्या. "नावासकट."