रजेवर गेलेलं मागचं दार

आमचा शेजारी मोकाशी रोज पहाटे स्वतःच्याच व्हरांड्यात हात वर करून उभा राहतो. हात वर केला की दिवा लागतो, असं त्याचं म्हणणं. दिवा लागत नाही. मोकाशी हात खाली घेत नाही. "येईल," म्हणतो. "घाई नको. सिस्टीम आहे."

माझ्या ओटीवर बटण आहे. दाबलं की दिवा लागतो. हे मी त्याला चार वर्षं सांगतोय.

मोकाशी मूळचा मुंबईचा, कुठल्याशा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. निवृत्त झाला आणि आमच्या नंदाखाल गावी, माझ्या केळीच्या वाडीला लागून बंगली बांधून एकटाच राहायला आला. मी चार यत्ता शिकलो, त्याही ओढूनताणून. पण केळीचा लोंगर, अख्खा घड, कधी उतरवायचा ते मला कुणी सांगावं लागत नाही. मोकाशीला पंखा लावायलासुद्धा भिंतीवरच्या एका पांढऱ्या डबीला सांगावं लागतं. डबी मग हवेतून पंख्याला निरोप धाडते. मध्ये वायर नाही, काही नाही.

हल्ली निरोप वेळेवर पोचेनात. पंखा सांगावा तर मोकाशी आंघोळीला गेल्यावर फिरायचा. परवा फाटक मिटायला सांगितलं, ते दहा मिनिटांनी मिटलं, नेमकं पाववाल्याच्या सायकलवर. पाव गटारात, पाववाला फाटकावर चढून शिव्या देतोय, आणि मोकाशी खिडकीतून ओरडतोय, "सिस्टीम आहे, सिस्टीम!"

रविवारी चर्चमधली मिस्सा आटपून मी घरी येतो तर हा कुंपणाशी उभा.

"पास्कलभाऊ, यादीत भुतं झालीत. या जरा."

गेलो. जी यंत्रं मोडली, काढून टाकली, त्यांची नावं डबीच्या यादीत तशीच राहिली होती. डबी त्यांना हाका मारते, उत्तराची वाट बघत बसते, आणि चालती यंत्रं मागे खोळंबतात. मला लगेच कळलं. मी शाळा सोडली तरी आमचे मास्तर वर्षभर हजेरीत 'पास्कल' पुकारायचे, असं माझी बहीण सांगायची.

"मग पुसून टाक की नावं."

"असं कसं? सेवा केलीय त्यांनी."

आत गेला आणि इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून आला. यादी उघडलेला फोन समोर धरून उभा राहिला.

"जिन्यावरचा दिवा. तीन वर्षं सेवा. पावसात भिजले, पण तक्रारीचा अर्ज नाही. कार्यालय त्यांचं ऋणी आहे." मग माझ्याकडे बघून, "टाळ्या, पास्कलभाऊ."

वाजवल्या. काय करतो! त्याने बटण दाबलं, जिना गेला. मग गीझर, "स्वभावाने तापट, पण कामसू." मग बंगलीचा जुना पंप. चौथ्या निरोपाला मी सांगितलं, चहा असेल तरच टाळ्या.

"झालं," म्हणत तो फोन खिशात ठेवायला लागला. पण एक नाव राहिलं होतं. मला वाचायला वेळ लागतो, पण वाचलेलं सुटत नाही. 'पास्कल, मागचं दार.'

गेल्या वर्षी त्याने माझ्या मागच्या दाराला बोटाएवढी पांढरी वडी चिकटवली होती. चोरांसाठी, म्हणाला. एक दिवस कुंपणावरून विचारतो, "आज पाचऐवजी साडेसहाला उठलात? बरं नाही का?" माझं डोकंच फिरलं. माझं दार कधी उघडतं ते तुला रे कोण सांगतं? तर ही वडी, त्याच्या फोनवर. कोयत्याच्या टोकाने वडी उपटली, सेल काढला आणि दोन्ही खिळ्यांच्या डब्यात टाकलं. म्हटलं, मोकाशी, मला राखणदार नको. 

"हे काढ," मी म्हणालो. "यानेच तुझं सगळं अडलंय."

"ते निवृत्त नाहीत. रजेवर आहेत."

"रजा कुणी मंजूर केली?"

"मी."

"अरे, सहा महिने झाले!"

"येईल. घाई नको."

"म्हणून तू पहाटे अंधारात हात वर करून उभा राहतोस?"

तो चहा ठेवायला वळला. पाठमोराच म्हणाला, "माझा थोरला भाऊ डोंबिवलीला एकटा राहायचा. दार उघडलं नाही, ते चौथ्या दिवशी कळलं. शेजारी चांगले होते हो. कुणाच्या लक्षातच आलं नाही." मग विचारलं, "साखर किती?"

चार वर्षं चहा पाजतोय. माझी साखर ठाऊक आहे त्याला.

मी माफी मागत नाही. मला ती सवय नाही. घरी येऊन खिळ्यांचा डबा उपडा केला. वडी सापडली. सेल आधी उलटा बसला, मग सुलटा. दाराला चिकटेना, तेव्हा सायकलच्या पंक्चरचं सोल्यूशन फासलं.

दुसऱ्या दिवशी पाचला मागचं दार उघडलं. कुंपणापलीकडे मोकाशी नेहमीसारखा उभा. त्याचा फोन टुणकन वाजला. त्याने फोन बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि सवयीने हात वर केला. दिवा लागला. तिथल्या तिथे. तरी बाबाचा हात वरच.

"पास्कलभाऊ, उशीर केलात!"

"पाच वाजलेत फक्त!"

"सहा महिने म्हणतोय मी."

दार लावून घेतलं. मग, त्याला नीट कळावं म्हणून, पुन्हा एकदा उघडलं.