भुसारीजींचा पेशंट

आमचे शेजारी भुसारीजी वॉशिंग मशीनची नाडी पाहतात. थट्टा नाही करत मी. सकाळचा चहा झाला की मागच्या गॅलरीत स्टूल ओढून बसतात, डोळे मिटतात आणि पाण्याच्या पाइपवर तीन बोटं ठेवतात. सक्करदऱ्यातल्या आमच्या दोन गॅलऱ्यांच्या मध्ये कमरेएवढीच भिंत, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकटात.

जन्मभर सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. रिटायर झाले, पण दवाखाना काही डोक्यातून गेला नाही. मशीनचं नाव ‘पेशंट’. हा पेशंट अंथरुणाला खिळला तो भर उन्हाळ्यात, भुसारीजींची बायको शालूताई गेल्या, त्यानंतर थोड्याच दिवसांत.

“कशी आहे तब्येत?” कपडे वाळत घालता घालता मी विचारायची.

“डोळे उघडते, वैनी. पण तोंड नाही उघडत.” म्हणजे लाइट लागतो, पाणी घेत नाही.

कधी नळाची जाळी काढून टूथब्रशनं घासत बसायचे. कधी प्लग बदलायचे. एकदा मोबाइलवर कोणाचा तरी व्हिडिओ पाहिला आणि मशीनच्या एका पायाखाली पुठ्ठा सरकवला. “पलंगाची उंची बदलून पाहून राहिलो,” म्हणाले. “पहिले निदान, मंग इलाज.” हे त्यांचं पालुपद. अख्खा पावसाळा सरला, पण निदान काही होईना. माझं डोकंच फिरायचं.

“अहो, ते चालू करायचं बटण पाहा ना एकदा!”

“थे ठीक आहे,” म्हणायचे आणि लगेच, “भाजी काय केली आज, वैनी?”

इकडे कपडे मात्र हातानं. चादर काय एकट्या माणसाला पिळता येते होय? अर्धी पिळायचे, उरलेली दोरीवर टपटप गळत राहायची. बोटांची सालं निघाली होती. एक दिवस साबणाच्या पाण्यात पाय घसरून मोरीत पडले. आवाज ऐकून मी धावत गेले. कोपर टम्म सुजलं होतं. संध्याकाळी पुण्याहून त्यांच्या मुलीचा मला फोन. “काकू, कोणाला तरी दाखवा ती मशीन. नाहीतर मी सरळ नवी पाठवते आणि जुनी उचलून न्यायला सांगते.”

दुसऱ्या दिवशी मी कारागिराला घेऊनच गेले. त्यानं वाकून पाहिलं आणि हसलाच. “काकाजी, बटणात कुंकू जाऊन बसलं ना! घासून काढतो. दहा मिनिटांचं काम आहे.” आणि खिशातून पेचकस काढला.

“हात नको लावू गा तिले!”

बाप रे! इतक्या वर्षांत त्या माणसाचा चढलेला आवाज मी ऐकला नव्हता. दोन्ही तळहात बटणापुढे आडवे धरून उभे. कारागीर बिचारा पिशवी उचलून चालता झाला.

दसऱ्याला आपण सगळेच घरातल्या मशिनींना हळदकुंकू वाहतो. पण शालूताईंची तऱ्हा न्यारी. पाण्यात कालवलेलं ओलंगच्च कुंकू, आणि तेही थेट चालू करायच्या बटणावर. “जिथून काम सुरू होते, तिथंच लावा लागते,” म्हणायच्या. दर दसऱ्याला आधीच्या खपलीवर नवं बोट. ते पाणी वर्षानुवर्षं फटीतून आत उतरत गेलं आणि शेवटी बटण अडकून बसलं.

मी वाकून पाहिलं. अर्ध्या बटणावर, अर्ध्या कडेवर लाल खपली, तिच्यात चिकटलेला एक तांदूळ, आणि मधोमध बोटाचा ठसा. रेघासुद्धा दिसत होत्या.

“मागच्या दसऱ्याचं बोट आहे तिचं,” भुसारीजी म्हणाले. “घासलं तं गेलं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“पहिल्याच दिवशी समजलं. कंपाउंडर आहो मी.”

“मग हे नाडीबिडी काहून?”

ते स्टुलावर बसले. “बिमार आहे म्हणून तं तुम्ही रोज विचारता, वैनी. शालूची तेरवी झाली, मंग कोणी काही विचारलंच नाही.”

वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. त्याच रात्री त्यांच्या मुलीला फोन करून सांगितलं, बाई, नवी नको आणि जुनी हलवूही नको. तुझ्या बाबांचे कपडे आमच्या मशीनमध्ये धुऊन होतील.

परवा दसरा झाला. पूजेचं ताट घेऊन मी आधी त्यांच्या गॅलरीत गेले. झेंडूचं फूल ठेवलं आणि सवयीनं बोट कुंकवात बुडवलं.

“फूल पुरे, वैनी. तुमचं बोट तिच्या बोटावर जाईन.”

बोट तसंच ओलं घेऊन, त्यांच्या चादरीची बादली उचलून मी आमच्याकडे आले. ते मागोमाग. चादर आत टाकली. आमच्या मशीनच्या पार कोपऱ्यात, बटणापासून दूर, जपून बोट टेकवायला गेले.

“तिथं नाही,” भुसारीजी म्हणाले. “बटणावर लावा.”

“अहो, बिघडेल ना!”

“बिघडू द्या,” ते म्हणाले. “लावा तुम्ही.”