एक वाजून वीस मिनिटं

कोळपे आप्पांना कुणी "कसं काय आप्पा, बरं आहे ना?" असं विचारलं, की ते उलट विचारायचे, "कवाचं सांगू?"

नवा माणूस गोंधळायचा. मग आप्पा मनगटावरच्या घड्याळात बघून सांगायचे, "सकाळी सहाला गुडघा दुखत व्हता. सात चाळीसला थांबला. आता नऊ दहा झाल्यात, बरं हाय." एवढं ऐकल्यावर तो माणूस पुन्हा कधी त्यांची खुशाली विचारत नसे. आमच्या प्लँटमध्ये तर ती कुणीच विचारत नव्हतं.

शिरूरहून मांडवगण फराट्याकडे जाताना रस्त्याला हा दूध प्लँट लागतो. नाव सांगत नाही. सांगून कुणाचं भलं होणार नाही. मी तिथं लॅबमध्ये केमिस्ट, तेव्हा कंत्राटावर. आप्पा दौंडहून मोटारसायकलवर यायचे आणि इन्स्ट्रुमेंट विभाग सांभाळायचे. विभाग म्हणजे एक टेबल, एक खुर्ची, एक स्क्रीन आणि आप्पा.

'मघाशी', 'आत्ताच', 'जरा वेळानं' या शब्दांचा त्यांना मनापासून राग होता. कँटीनवाल्यानं "पोहे आत्ताच केलेत" म्हटलं, की हे ताटली खाली ठेवून विचारणार, "आत्ताच म्हंजी किती वाजता?" टँकरचा ड्रायव्हर "निघालोच" म्हणाला, की फोनवर त्याची उलटतपासणी. आमच्या अकाउंटंटच्या आजोबांच्या दहाव्यालासुद्धा आप्पांनी विचारलं होतं, "किती वाजता गेले?" अकाउंटंट म्हणाला, "पहाटे." आप्पा म्हणाले, "पहाट लई लांब असती." अकाउंटंट त्यांच्याशी महिनाभर बोलला नाही. त्या महिन्याचे दिवस आप्पांनी मोजले असणार.

"केमिस्ट," ते मला म्हणायचे, "आकड्याला येळ नसंल तर त्यो आकडा बेवारस. दूध चार डिग्री हाय, ह्याला काय अर्थ? कवा व्हतं चार?"

त्यामुळं पुण्याचा इंजिनिअर येऊन टाक्यांना सेन्सर आणि त्या स्क्रीनमागं नवा डेटाबेस बसवून गेला, तेव्हा आप्पांना छप्पन्नाव्या वर्षी कुणीतरी आपल्यासारखं भेटलं. दर दहा सेकंदांनी प्रत्येक टाकीचं तापमान, आणि त्याच्या शेजारी वेळ. जुनं खोडून नवं लिहायचं नाही, पुढं पुढं लिहीत जायचं. आप्पांनी ते सगळं शिकून घेतलं. मला एकदा खुर्चीत बसवून दाखवलंही.

"दुधाचं सगळं वरीसभर राहतं. ती मुदत आपुन ठरवायची. पर ह्यो गडी सोताचीबी नोंद ठेवतो. त्याला दोन येगळे कप्पे हायेत. एकात त्याची कामं: कंचं काम किती वाजता केलं, झालं का फसलं. ते तीन दिस. दुसऱ्यात राखण: कुठं गडबड दिसली, कुणाच्या फोनला मेसेज धाडला. ते सात दिस."

"आणि मग?"

"मग आपल्या आपुन पुसतो. ती मुदत आपल्याला वाढवता येत न्हाई."

मेसेज कुणाला जायचे ते ठरलेलं होतं. टाकी तापायला लागली की दर पाच मिनिटांनी एक: पहिले दोन मॅनेजर साहेबांना, तिसरा मला, त्यापुढचे सगळे पुन्हा साहेबांना.

त्या रविवारी दुपारी एकच्या सुमारास तीन नंबरच्या टाकीचं कूलिंग बंद पडलं. आप्पांची साप्ताहिक सुट्टी होती. पाळीचा ऑपरेटर जेवायला गावात गेला होता. मॅनेजर साहेब पाटसला एका साखरपुड्यात होते. मी शिरूरला घरी होतो. संध्याकाळपर्यंत पूर्ण टाकी नासली आणि सोमवारी सकाळी ते दूध गटारात सोडावं लागलं. दूध घालणारे गेटवर उभे राहून बघत होते. एक म्हातारी सारखी म्हणत होती, "आरं, वासरांना तरी पाजायचं व्हतं." नासलेलं दूध वासरांना चालत नाही, हे तिला सांगायला कुणी पुढं झालं नाही.

साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मला एकही मेसेज आला नाही. अलार्म बंद होता. कोळपेंनी सिस्टिमकडं बघितलेलंच नाही."

आप्पांनी आत जाऊन तो राखणीचा कप्पा उघडला. मग लॅबच्या दारात आले.

"केमिस्ट, मेसेज गेल्यात. सगळं दिसतंय. मी एकट्यानं कागद काढला तर म्हणतील, ह्यानंच बनवला. तुम्ही एकदा डोळ्यानं बघा आन् सही करा."

"उद्या बघू आप्पा, आज सॅम्पल फार आहेत."

त्यांनी 'उद्या किती वाजता' असं विचारलं नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

खरं सांगायचं तर मला कळलं होतं. रविवारी मी जेवून पलंगावर आडवा झालो होतो. फोन वाजला. तीन नंबर, तापमान नऊ, वाढत आहे. मी वाचला. साहेब बघतील असं म्हणून फोन पालथा घातला. सोमवारी टाकीची बातमी ऐकली आणि पहिलं काम काय केलं असेल, तर तो मेसेज पुसून टाकला.

मंगळवारी आप्पा पुन्हा आले. बुधवारी आले. मी एकदा फॅट मशीनचं कारण सांगितलं, एकदा मुलीच्या तापाचं. मुलीला ताप नव्हता. चौकशी लावा, चौकशी लावा, म्हणून त्यांनी साहेबांना दोन अर्ज दिले. साहेब म्हणाले, घाई काय आहे. गुरुवारपासून आप्पा माझ्याकडं यायचे बंद झाले.

चौकशी लागली दहाव्या दिवशी. तोवर कप्पा रिकामा झाला होता. दोन संचालक, पुण्याचा एक सल्लागार, मॅनेजर साहेब आणि लॅबचे रिपोर्ट घेऊन मी. आप्पांनी आधीच काढून ठेवलेला कागद टेबलावर ठेवला. त्यावर सही एकच होती, त्यांची.

सल्लागारानं कागदावरून बोट फिरवलं आणि थांबला. "दर पाच मिनिटांनी मेसेज जातो ना? एक दहा, एक पंधरा, मग एकदम एक पंचवीस? एक वीसचा कुठंय?"

"हाय तेवढं हाय," आप्पा म्हणाले.

"ओळ काढलीय का तुम्ही?"

आप्पांनी मनगटावरचं घड्याळ सरळ केलं.

"हे बघा, सिस्टिमनं तो मेसेज पाठवलाच नसेल तर दोष तुमचा. आणि ओळ काढली असेल, तर हा कागदच खोटा."

"व्हय."

"व्हय म्हणजे काय?"

"म्हंजी दोष माझा."

साहेब खुर्चीत रेलून बसले. आप्पा भिंतीकडं बघत होते. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही. माझ्या हातात रिपोर्टची फाइल होती आणि तिची दोरी मी सोडत होतो, बांधत होतो. नुसतं "तो मला आला होता" एवढं म्हणायचं होतं. चार शब्द. संचालक म्हणाले, "लॅबचं काही सांगायचंय?" मी म्हणालो, "नाही."

आप्पांना क्रेट धुण्याच्या शेडमध्ये पाठवलं. पंधरा दिवस त्यांनी क्रेट धुतले आणि मग राजीनामा दिला. निरोपाला चहासुद्धा झाला नाही. त्यांच्या खुर्चीत साहेबांचा भाचा बसला.

पुढच्या महिन्यात मी कायम झालो. साहेबांनी स्वतः पेढे दिले. तेच पेढे घेऊन एका रविवारी मी दौंडला गेलो. काय बोलायचं ते एसटीत घोकत होतो.

रेल्वे लाइनीपलीकडं दोन खोल्या. भिंतीवर एका बाईचा फोटो, त्याला हार. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. आम्हाला प्लँटमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

"कायम झालात?" त्यांनी पेढा तोंडात टाकला. "बेस झालं. पोरगीला शाळंत घातलं न्हवं औंदा?"

"आप्पा, त्या दिवशी मी..."

"चहात साखर किती घालू?"

"आप्पा, ऐका तरी."

"एकच चमचा घालतो," म्हणून ते आत गेले.

बाहेर आले तेव्हा एका हातात कपबशी होती, दुसऱ्या हातात स्टीलची वाटी. कपबशी त्यांनी मला दिली आणि वाटीतला चहा स्वतः प्यायले. घरात कप एकच होता.

"आता जेवूनच जा," ते म्हणाले. "भाकरी टाकतो. वांगं हाय. लई दिसानं कुणीतरी आलंय."

मी म्हणालो, "गाडी चुकेल आप्पा."

ते गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आले.

शिरूरची गाडी तासाभरानं होती. तो तास मी दौंडच्या स्टँडवर बसून काढला.