भाल्याचं दुःखी लहानपण

एका जंगलात सगळेच्या सगळे अनाथ होते.

दचकू नका पोरांनो. आईबाप जिवंत होते, घरी होते, दोन वेळचं खाऊ घालत होते. पण चारचौघांत कुणी विचारलं, की जो तो मान खाली घालायचा, लांब कुठंतरी बघायचा आणि म्हणायचा, "मला कुणी नाही."

हे खूळ आलं कुठून? तर जंगल बघायला आलेल्या पाहुण्यांच्या जीपमधून एकदा एक टॅब पडला. त्याला उन्हावर चालणारी पाटी जोडलेली. त्यामुळं मेला बंदच पडेना. त्यात एकच गोष्ट लागायची, जपान देशातली कार्टूनं. अ‍ॅनिमे म्हणतात त्याला. हुप्पे मास्तर नावाच्या म्हाताऱ्या वानरानं तो टॅब झाडाच्या ढोलीत ठेवला आणि सगळ्या जंगलाला दाखवायला लागला. भाषा कुणाला कळत नव्हती. मास्तरालाही कळत नव्हती. पण मास्तर पडला ना, त्यानं समजावून सांगितली.

वर्षभरात जंगल ओळखू येईना. सशांनी डिंक लावून अंगावरचे केस उभे केले. डोळे मोठे पाहिजेत म्हणून घुबडाचा भाव वाढला. एक कासव तर सडकेवरच जाऊन बसलं. ट्रकची धडक बसली की माणूस दुसऱ्या जगात राजा होऊन जन्मतो, असं त्यानं टॅबमध्ये बघितलेलं. त्या सडकेवर दिवसाला एक बैलगाडी यायची, आणि ती वळसा घालून जायची. कासवाला घाई नव्हती.

मास्तरानं शाळाही काढली. शाळेला भिंत नव्हती, पण खिडकी होती. का? तर हिरो खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो. म्हणून चार काटक्यांची चौकट उभी केली, आणि तिच्याजवळच्या जागेसाठी रोज मारामारी. खिडकीतून तेच दिसायचं जे खिडकीशिवाय दिसत होतं. पण खिडकीतून बघितलं की उसासा टाकता यायचा.

मारामारीचे नियमही मास्तरानंच शिकवले. मारायच्या आधी आपल्या वाराचं नाव मोठ्यानं सांगायचं. आणि त्याच्याही आधी आपलं दुःखी लहानपण सांगायचं. ते संपेपर्यंत समोरच्यानं थांबायचं, आणि ऐकून रडू आलं तर मारायचं नाही.

जंगलात एक लांडगा होता, काळं घोंगडं पांघरणारा. तोही हे नियम पाळायचा. हसू नका, खरंच पाळायचा. पूर्वी तो गपचूप एखादा ससा खायचा आणि झोपायचा. कोण विचारत होतं त्याला? आता तो आला की शंभर जनावरं गोळा व्हायची. इतका मान कुणाला नको असतो? मग ससा आपलं लहानपण सांगायचा, लांडगा घोंगड्याला डोळे पुसायचा, "पुन्हा भेटू!" म्हणायचा आणि उपाशी परत जायचा.

ज्याला सांगायला दुःख नाही, त्याचं काय? तो हिरो नव्हे, तो गर्दीतला. गर्दीतल्याला खायला नियमाची आडकाठी नव्हती. एका तित्तिराला लांडग्यानं विचारलं, "तुझं लहानपण?" तो म्हणाला, "देवाच्या दयेनं बरं गे—" एवढंच म्हणाला.

आता या जंगलात भाल्या नावाचं एक साळिंदर होतं. अंगावर जन्मापासून उभे काटे. डिंकाचं कामच नाही. सगळे म्हणायचे, हा मोठा हिरो होणार. पण मारामारीची वेळ आली की भाल्या झुडपात लपायचा. कारण एकच. त्याचं लहानपण चांगलं गेलं होतं.

तो मास्तराकडे गेला.

"मास्तर, माझा बाप घोरतो."

"हे दुःख नव्हे. ही तक्रार झाली."

"एकदा माझा पाय मुरगळला होता."

"हां! मग?"

"मग आईनं हळद लावली."

"आणि?"

"बरा झाला."

मास्तरानं कपाळावर हात मारला. "अरे, जरा लंगडत तरी राहायचं होतंस! लांडगा आठ दिवसांचा उपाशी आहे. परवा शाळेवर येणार म्हणून सांगावा धाडलाय त्यानं. तुझं नाव घेतलंय."

भाल्या घरी आला. आई कंद निवडत बसली होती.

"आई, तू मला कधी टाकून गेली होतीस का गं?"

"गेले होते की. कंद आणायला."

"किती वेळ?"

"तुझी जांभई पुरी व्हायच्या आत आले."

"कशाला आलीस एवढ्या लवकर!" भाल्या ओरडला. "वाट लावलीस माझी!"

"येडं की खुळं," आई म्हणाली. "झालंय काय?"

भाल्यानं लांडग्याचं सांगितलं. आईनं हातातला कंद काही खाली ठेवला नाही.

"एवढंच ना? त्याच्याकडं पाठ कर आणि मागं सरक. तुझ्या आजीनं बिबट्याला असंच पळवलं होतं."

"हिरो पाठ दाखवत नसतो, आई."

"मग काय दाखवतो?"

"डोळ्यातलं पाणी."

आईनं पुढचा कंद निवडायला घेतला.

तो दिवस उजाडला. शाळेपुढं ही गर्दी! मोर पिसाऱ्यानं वारा घालायला उभा. बुलबुल बहाव्याच्या पाकळ्या चोचीत धरून फांदीवर तयार. टॅबमध्ये दुःख सुरू झालं की फुलं गळायची, म्हणून ही सोय. लांडगा आला. बरगड्या मोजाव्यात असा झालेला.

"सांग," तो म्हणाला, "आणि थोडक्यात सांग."

भाल्यानं खिडकीच्या चौकटीला हात टेकला. मोरानं वारा घातला. पाकळ्या गळायला लागल्या.

"त्या दिवशी आमच्या रानाला आग लागली," भाल्या म्हणाला. "बाप आधीच गेलेला. आईनं मला नदीत ढकललं. म्हणाली, 'बाळा, तू जग.' मी वळून बघितलं. ज्वाळांत फक्त तिचा एक काटा..."

सशांनी हुंदके दिले. घुबडाच्या एवढाल्या डोळ्यांतून धारा लागल्या. लांडग्याचा हात घोंगड्याकडं गेला.

"भाल्या! ए भाल्या! डबा विसरलास की रे!"

पाकळ्या थांबल्या. गर्दीतून वाट काढत भाल्याची आई आली. हातात पळसाच्या पानात बांधलेले कंद.

"ही कोण?" लांडग्यानं विचारलं.

"शेजारीण," भाल्या पुटपुटला.

"शेजारीण? चार महिने पोटात बाळगलं तुला! बापाला हाक मारू का? घरी घोरत पडलाय."

लांडग्यानं घोंगडं खाली टाकलं. त्याचा चेहराच बदलला. "म्हणजे आई आहे. बापही आहे. आणि वर डबा!" तो म्हणाला. "तू गर्दीतला आहेस, लेका!"

भाल्यानं पळायला वाट शोधली. पण शिकवलेलं आठवलं. छाती पुढं काढून तो ओरडला, "घे! अग्निवज्र सहस्रशूल महाप्रलय—"

गर्दीतल्याच्या वाराचं नाव ऐकायला कोण थांबतो? लांडग्यानं उडी घेतली.

आईनं डबा खाली ठेवला. पाठ केली. मागं सरकली.

खच्च!

लांडग्याच्या नाकात अकरा काटे. तो मागच्या मागं आपटला आणि नाक धरून केकाटला, "नाव! आधी नाव तरी सांगायचं!"

"कशाचं नाव?"

"वाराचं!"

"वार कसला? मी आपली मागं सरकले," आई म्हणाली. लांडगा शेपूट घालून पळाला. "आणि तू, भाल्या, डबा गार व्हायच्या आत खा."

आता तुम्हाला वाटेल, जंगलानं तिला हार घातला. छे! मास्तरानं तिथल्या तिथं सभा घेतली. नाव न सांगता मारलेला वार धरायचा नाही, असं ठरलं. लांडग्यावर अन्याय झाला, म्हणून चार ससे फळं घेऊन त्याची माफी मागायला गेले. त्यातले तीन परत आले. शाळेवर पाटी लागली, 'आयांनी आत येऊ नये.'

आणि भाल्याशी कुणी बोलेना. त्याच्याजवळ कुणी बसेना. त्यामुळं खिडकीजवळचा शेवटचा बाक आपोआप त्याचा झाला. तिथं बसून तो बाहेर बघायचा. एक दिवस त्याच्या तोंडून उसासा निघाला. मास्तर चमकला.

"अरे, हा खरा आहे!"

महिनाभरानं लांडगा परत आला. नाकाला अजून सूज. "सांग," तो गुरगुरला. "खरं सांग."

"सगळ्या शाळेदेखत," भाल्या म्हणाला, "माझी आई डबा घेऊन आली."

एवढं मोठं दुःख टॅबमध्येही कुणी बघितलं नव्हतं. बुलबुल पाकळ्या टाकायलाच विसरले.

लांडगा मटकन खाली बसला. "आणि मला," तो हुंदका देत म्हणाला, "मला तिनं नावसुद्धा सांगितलं नाही रे!"

दोघंही ढसाढसा रडले. आता दोघांचं दुःख एकच. दोघांचं दुःख एक झालं की टॅबमध्ये काय व्हायचं? जिवाभावाची दोस्ती. लांडगा उठला, हात पसरले आणि त्यानं भाल्याला कडकडून मिठी मारली.

साळिंदराला, पोरांनो. मिठी.

त्याचं केकाटणं सडकेवरच्या कासवानंही ऐकलं. त्यानंतर त्या जंगलात लांडगा कुणाला दिसला नाही. मास्तर आजही मुलांना शिकवतो, की लांडग्याला दोस्तीच्या ताकदीनं हरवलं. भाल्या शेजारी उभा राहून मान डोलावतो. आणि शाळा सुटली, कुणी बघत नाही असं बघितलं, की शाळेच्या पाटीबाहेर उभ्या असलेल्या 'शेजारणी'च्या हातातून गुपचूप डबा घेतो.

तात्पर्य: लहानपण सुखात गेलं असेल तर चारचौघांत बोलू नये, खाल्ले जाल. आणि जीव आईनं वाचवला, तरी नाव दोस्तीचंच सांगावं. आईला चालतं.